हाडांसाठीचे घरगुती उपाय : कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा, हे कसं तपासावं

गुडघा धरला की डिंकाचे लाडू, कंबर धरली की हळदीचं दूध, हात मोडला की कांडवेल. आणि पाळी गेल्यावर कुणी ना कुणी सुचवतंच तो 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना'. आपल्या घरांत हाडांसाठी उपायांची कमतरता कधीच नव्हती. त्यातले काही मनापासून जपावेत इतके चांगले आहेत, बरेचसे निरुपद्रवी आहेत आणि एक-दोन घरात येऊच देऊ नयेत असे आहेत. पण आपण सगळ्यांना एकच कसोटी लावतो : 'दुखायचं थांबलं का?' हाडांच्या बाबतीत हीच कसोटी सर्वात जास्त फसवते. म्हणून उपाय तपासायची दुसरी रीत इथे पायरीपायरीने मांडली आहे.

पहिली पायरी : उपाय दुखण्यावर आहे की हाडावर, ते ठरवा

हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत. ज्याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात ती झीज वर्षानुवर्षं गुपचूप चालते. पहिली खूण बहुतेकदा फ्रॅक्चर हीच असते : मोरीत घसरून मोडलेलं मनगट, साध्या पडण्याने मोडलेला खुबा, नाहीतर पाण्याची बादली उचलताना दबलेला मणका. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज सर्वात वेगात होते, आणि नेमक्या त्या वर्षांत बाईला हाडांबद्दल काहीच जाणवत नाही.

गुडघेदुखी हे वेगळं प्रकरण आहे. 'वंगण संपलं', 'गॅप कमी झाला' असं आपण म्हणतो तेव्हा बोलणं सांध्यातल्या कूर्चेबद्दल असतं. त्या गुडघ्याला एखाद्या लेपाने किंवा काढ्याने आराम पडला तर चांगलंच आहे, पण त्यावरून मणक्याचं किंवा खुब्याचं हाड बळकट झालं असं कळत नाही. उलट गुडघा ठणठणीत असलेल्या माणसाचीही हाडं पोकळ झालेली असू शकतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. ड जीवनसत्त्व फार कमी झालं तर हाडं खरोखर दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. असं होत असेल तर लाडू वळत बसू नका, आधी रक्त तपासा.

म्हणून वहीत उपायाचं नाव लिहा आणि पुढे लिहा : 'दुखण्यासाठी' की 'हाडासाठी'. पुढचं सगळं दुसऱ्या रकान्यासाठी आहे.

दुसरी पायरी : आपल्या ताटाचा हिशेब

उपायाने काय भर पडते हे कळायला आधी तूट किती आहे ते कळायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम.

आता साठीला टेकलेल्या एका बाईचा नेहमीचा दिवस घ्या. दोन कप चहातलं मिळून १०० मिली दूध : साधारण १२०. तीन ज्वारीच्या भाकरी : ५०. वरण-भात : २५. साधी फळभाजी, कोशिंबीर : ७०. पेलाभर पातळ ताक : ६०. बेरीज सव्वातीनशेच्या आसपास. पोट भरलेलं आहे, जेवण साधं-सात्त्विक आहे, पण हाडांना लागतं त्याच्या पाव हिश्शाहून थोडंसंच जास्त मिळालं आहे.

हा हिशेब सगळ्या लेखातलं सर्वात महत्त्वाचं काम आहे. तीन दिवस लिहून काढा, त्यात एक सणाचा किंवा उपासाचा दिवस असू द्या. चहातलं दूध एकदा तरी मापाने मोजा, कारण आपण ते नेहमी जास्त धरतो. एवढं झालं की प्रत्येक उपायाला विचारता येतं : माझ्या आठशे-नऊशेच्या तुटीतले तू किती भरतोस?

तिसरी पायरी : चार प्रश्न

यात नेमकं काय आहे? माझ्या रोजच्या मात्रेत ते किती येतं? त्यातलं अंगाला किती लागतं? आणि कुणाला ते बाधू शकतं? हे चार प्रश्न आपल्या ओळखीच्या उपायांना लावून पाहू.

*चुना.* खायचा चुना म्हणजे कळीचा चुना पाण्यात विरवून होणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. वजनाने त्यात निम्म्याहून थोडं जास्त कॅल्शियम असतं, म्हणून 'चुन्यात भरपूर कॅल्शियम' हे वाक्य खोटं नाही. पण मात्रा बघा. गव्हाचा दाणा भरतो चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. तेवढ्या चुन्यातून मिळतं फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम कॅल्शियम, ओल्या चुन्यातून त्याहूनही कमी. तेवढं वीस मिली दुधात असतं. म्हणजे दह्यात चुना कालवून खाणाऱ्याला खरा फायदा दह्याने होतो. मात्रा वाढवून तूट भरू म्हणाल तर चुना दाहक आहे, तोंड, अन्ननलिका, जठर भाजतो. शिवाय पानाच्या डब्यासाठी विकला जाणारा चुना औषध म्हणून शुद्ध केलेला नसतो. आणखी एक कळकळीचं सांगणं : चुन्याची ट्यूब किंवा पुडी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ती दाबली जाऊन चुना डोळ्यात उडतो आणि मुलांची दृष्टी जाते, असे प्रसंग आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांना नवे नाहीत. डोळ्यात गेलाच तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा, पापणीखालचे कण निघू द्या आणि लगेच दवाखाना गाठा. हा उपाय माझ्या मते सोडून द्यावा असाच आहे.

*नाचणी.* हा उपाय खरा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. तांदळात ते दहाच्याही आत. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोनशेच्या वर. कोकणातली आंबील, गोव्यातलं तिझन, घाटावरची भाकरी, कुठल्याही रूपात चालेल. मात्र दोन गोष्टी बघा. नाचणीतलं फायटेट कॅल्शियमला अडवून धरतं आणि भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते कमी होतं. म्हणून आंबिलीची आणि मोडाच्या सत्वाची जुनी रीत शहाणपणाची आहे. पण नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं. सत्व करताना दूध गाळून चोथा टाकला, किंवा पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा काढला, तर ज्यासाठी नाचणी आणली तेच बाहेर जातं. तान्ह्या बाळासाठी गाळणं ठीक आहे, मोठ्यांनी न चाळलेलं पीठ वापरावं. 'नाचणी बिस्किटा'च्या पुड्यावर घटकपदार्थ वाचा. मैदा आणि साखर आधी असेल तर ते बिस्किटच आहे.

*तीळ.* कागदावर तीळ नाचणीलाही मागे टाकतात : १०० ग्रॅमला बाराशेच्या वर. पण आपण १०० ग्रॅम खात नाही. दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, धरले तर १२०. तेही सालीसकट तिळांत. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळांत त्यातला फारच थोडा भाग उरतो. आणि सालीतलं कॅल्शियम बरंचसं ऑक्झलेट नावाच्या वनस्पतीतल्या घटकाला बांधलेलं असल्याने सगळं अंगाला लागत नाही. तीळ भाजून कुटून खावेत, अख्खे बऱ्याचदा तसेच पोटातून निघून जातात. भाकरीबरोबर तिळाची चटणी ही रोजची सवय उत्तम आहे, मात्र सगळा भार तिच्यावर टाकू नये.

*पालेभाज्या.* इथे नाव बघून फसायला होतं. पालकाचं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे जेमतेम वीसातला एक भाग लागतं. दुधाचं साधारण दहातले तीन. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला तीनशेच्या वर कॅल्शियम आहे आणि झाड दारात असेल तर फुकट आहे. राजगिरा-माठाच्या पाल्यातही तितकंच, फक्त त्यात ऑक्झलेट असल्याने लागतं कमी.

*डिंकाचे लाडू.* बाळंतिणीला ताकद हवी असते, भूक भागायला हवी असते, त्यासाठी हा पदार्थ योजला गेला आणि त्या कामाला तो उत्तम आहे. डिंक हा मुख्यतः विरघळणारा तंतू. त्यात थोडं कॅल्शियम असतं, पण एका लाडवात डिंक असतो किती? लाडवाला खसखस सढळ हाताने घातली असेल तर कॅल्शियम तिचं. बाकी तूप, गूळ, खोबरं, खारीक. साखरेचा आजार असलेल्या, वजन वाढलेल्या माणसाने हाडांच्या नावाखाली रोज दोन लाडू खाण्यात तोटाच जास्त. आवडतो म्हणून थंडीत खावा.

*अळीव.* लोह चांगलं. पण चमचाभर अळिवातून कॅल्शियम पंधरा-वीस मिलिग्रॅम. *हळदीचं दूध* : कॅल्शियम दुधाचं. हळदीतलं कर्क्युमिन फार कमी शोषलं जातं आणि हाडांवर त्याचा परिणाम माणसांत पक्का दिसलेला नाही. प्यायचं असेल तर प्या, पेला मोठा घ्या. *पायासूप* : हाडं तासन्‌तास उकळली तरी रश्श्यात उतरणारं कॅल्शियम नगण्य असतं, मिळतात ती थोडी प्रथिनं. त्यापेक्षा सुकट, जवळा, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी कितीतरी सरस, कारण तिथे आपण हाडच खातो. फक्त खारवलेली असेल तर धुऊन घ्या. जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर नेतं, लोणची-पापडांच्या बाबतीतही हे खरं आहे.

आता त्याच बाईचा दिवस पुन्हा मांडा. एका ज्वारीच्या भाकरीच्या जागी नाचणीची, दिवसभरात पाव लिटर जास्तीचं दूध किंवा दही, एक वेळ शेवग्याच्या किंवा माठाच्या पाल्याची भाजी, दोन चमचे तिळाची चटणी. सव्वातीनशेवरचा आकडा बाराशेच्या आसपास जातो. दूध सोसत नसेल तर दही-ताक बहुतेकांना सोसतं. मुतखड्याच्या भीतीने बरेच जण दूध सोडतात, पण जेवणातलं कॅल्शियम खड्याचा धोका वाढवत नाही, आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. गोळ्यांचं गणित निराळं आहे, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

चौथी पायरी : ऊन बरोबर वेळी

'सकाळचं कोवळं ऊन घ्या' हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण ड जीवनसत्त्वासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व अतिनील-ब किरणांनी तयार होतं आणि सूर्य खाली असताना ते किरण वातावरणातच अडतात. खूण सोपी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाच ऊन कामाचं. आपल्याकडे ही वेळ साधारण सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधली, आणि महाराष्ट्र-गोव्यात ती बाराही महिने मिळते. हात, पाय, पाठ उघडी हवी. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच हे किरण अडवते. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, पण त्वचा लाल होईतो बसू नये, आणि एप्रिल-मेच्या दुपारी वयस्कर माणसांनी तर नकोच.

लंडन, टोरांटोकडच्या मराठी मंडळींसाठी हिवाळ्यात हा मार्गच बंद असतो. ऑक्टोबर ते मार्च तिथलं ऊन कितीही लख्ख दिसलं तरी त्वचेत ड तयार होत नाही. तिथे गोळी हाच सरळ उपाय.

आपल्याकडे गोळीचा प्रश्न उलटा आहे. ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात आणि लोक तीच पुडी वर्षभर घेत राहतात, शेजारणीलाही देतात. हे जीवनसत्त्व अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडाला इजा इथवर मजल जाऊ शकते.

पाचवी पायरी : 'सिद्ध झालंय' म्हणजे कुणावर, काय मोजून?

कांडवेल, म्हणजेच हाडजोड किंवा अस्थिसंहार, हे उदाहरण घेण्यासारखं आहे. तिच्यावरचं संशोधन गंभीर आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून मोडलेलं हाड लवकर सांधतं असं दाखवलं. त्यानंतर माणसांवरही प्रयोग झाले, पण लहान. म्हणजे आशा धरायला जागा आहे, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया टाळायला नाही. हाड आधी जागेवर बसवावं लागतं, वाकडं जुळलेलं हाड वेल सरळ करत नाही. आणि कच्ची कांडी चावू नका. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा भयंकर खाजतो. तमिळ घरांत हिला पिरंडै म्हणतात आणि तेलात परतून, चिंच घालून तिची चटणी करतात, ते त्यासाठीच.

पुराव्याची उतरंड लक्षात ठेवा. उंदरांवरचा प्रयोग सर्वात खाली, त्यावर रक्तातली एखादी खूण बदलणं, त्यावर हाडाची घनता आणि सर्वात वर : फ्रॅक्चर कमी झाली का? या शेवटच्या कसोटीवर उतरलेला एक 'घरगुती' उपाय आहे आणि तो साधाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत, सात हजारांहून जास्त रहिवाशांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या आश्रमांत जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. तिथे सर्व फ्रॅक्चर मिळून ३३ टक्क्यांनी आणि खुब्याची ४६ टक्क्यांनी घटली. याउलट अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना रोज ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, त्याचे २०२२ चे निष्कर्ष सांगतात की ज्यांना मुळात कमतरता नव्हती अशा निरोगी लोकांत फ्रॅक्चर घटली नाहीत. तूट असेल तिथे भर उपयोगी, नसेल तिथे नाही. म्हणून दुसऱ्या पायरीवर इतका जोर दिला.

सहावी पायरी : तीन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीपासून सावध

हाडाचा जुना भाग काढून नवा भरायला शरीराला काही महिने लागतात. तीन दिवसांत, आठवड्यात हाडं मजबूत करणारं काही असूच शकत नाही. मग जत्रेतली, ओळखीतून आलेली, बिनलेबलची 'आयुर्वेदिक' पुडी घेऊन वर्षानुवर्षांचं दुखणं तीन दिवसांत कसं थांबतं? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आपल्या देशात पुष्कळ आहेत. आणि स्टेरॉइड हे हाडांची झीज करणाऱ्या औषधांत अग्रभागी आहे, पहिल्या काही महिन्यांतच नुकसान सुरू होतं. म्हणजे 'दुखायचं थांबलं' या कसोटीवर पहिला नंबर मिळवणारी वस्तूच हाडं पोखरत असते.

चेहरा गोल-सुजरा होणं, अचानक भूक आणि वजन वाढणं, साखर किंवा रक्तदाब चढणं, कातडी पातळ होऊन सहज काळंनिळं पडणं, या खुणा दिसल्या तर संशय घ्या. पण पुडी एकदम बंद करू नका. शरीर बाहेरच्या स्टेरॉइडवर विसंबलेलं असतं, अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

भस्मांबाबतही जपून. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. शिसं अंगात गेलं की मुख्यतः हाडांतच साठतं. पात्र वैद्यांनी दिलेलं, उत्पादन परवाना क्रमांक आणि घटक छापलेलं औषधच घ्या.

सातवी पायरी : हाडाला भार द्या, तंबाखू काढा

हाड भार पडला तरच टिकतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास वजनं उचलली, उड्या घेतल्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्के वाढली, दुसऱ्या गटात ती घटली. एकट्याने जड वजनं उचलायला जाऊ नका, पण खुर्चीवरून हात न टेकता उठबस, जिना, ओट्याला धरून टाचा उचलून खाली टेकणं, हे आजपासून होईल. नुसतं संथ चालणं हृदयाला चांगलं, हाडाला अपुरं. मणका आधीच ठिसूळ असेल तर पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कारातलं वाकणं, टाळा. पुढच्या वाकण्यानेच मणका दबतो.

आणि मिश्री. गावाकडच्या किती तरी आया-बहिणी दात घासायला म्हणून दिवसातून चार वेळा ती लावतात. तो तंबाखूच आहे आणि तंबाखू हाडं झिजवतो. हाडासाठी नाचणी खायची आणि मिश्री चालू ठेवायची, यात आपण आपलंच केलेलं पुसतो.

आठवी पायरी : मोजा, पण योग्य यंत्राने आणि योग्य अंतराने

घनता मोजायची खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, खुबा आणि कमरेच्या मणक्यांचा. अहवालातला टी-स्कोर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या घनतेशी केलेली तुलना : उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मधला विरळपणा, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेवर यंत्र लावून मिळणारा आकडा प्राथमिक अंदाजापुरताच, त्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नये. बदल बघायला एक ते दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर स्कॅन करा. दोन-तीन टक्क्यांचा फरक यंत्राच्या चुकीतही येतो, तेव्हा तेवढ्यावर उपायाचं कौतुकही नको आणि निराशाही नको.

काही ठिकाणी घरगुती उपायांवर वेळ घालवणं धोक्याचं आहे. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, उंची दीड इंचाहून जास्त घटली, पाठीला बाक येऊ लागला, वयस्कर माणसाची पाठ अचानक धरली, स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालू आहे, पाळी पंचेचाळिशीच्या आतच गेली, तर आधी तज्ज्ञांना दाखवा. ॲलेंड्रोनेटसारखी औषधं मणक्यांची फ्रॅक्चर जवळपास निम्म्याने कमी करतात, ही ताकद कुठल्याही लाडवात नाही. नाचणी आणि दूध त्या औषधांबरोबर चालू ठेवायचंच आहे, कारण कॅल्शियम आणि ड पुरेसं नसेल तर ती औषधंही नीट काम करत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांचा ताटाचा हिशेब आणि चालू असलेल्या सगळ्या पुड्या, काढे, चूर्णं कागदावर लिहून न्या, काही लपवू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. आणि ॲलेंड्रोनेट मिळालं तर ते सकाळी उपाशीपोटी, साध्या पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायचं, त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि दूध-चहाही घ्यायचा नाही.